मागच्या बाकावरचं आमेन

आमच्या नगरच्या चर्चमध्ये मागचे बाक आधी भरतात. पाळकसाहेब माईकवरून "पुढे या, पुढे जागा आहे" म्हणतात आणि प्रत्येकाला वाटतं, हे शेजारच्याला चाललंय. उशिरा येणाऱ्यालाच बिचाऱ्याला पहिल्या बाकावर बसावं लागतं, तेही सगळ्यांच्या देखत.

"उपासना माझी एकट्याची नाही, मंडळींची आहे," हे पाळकसाहेबांचं लाडकं वाक्य. ते आलं की आम्ही जोरात माना डोलावतो. तेवढाच आमचा सहभाग!

मला वाटतं, नुसतं सांगून कोणी भाग घेत नाही. उपासनेतच लोकांसाठी जागा ठेवावी लागते. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं १३६वं स्तोत्र पाहा. २६ ओव्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी "त्याची दया सनातन आहे". पाळकांनी अर्धी ओवी वाचायची, उरलेली मंडळींनी म्हणायची. पहिल्या दोन-तीन वेळा नुसती पुटपुट ऐकू येते; कोणी चष्मा शोधत असतं, कोणी पान. पाठ पुढे सरकतो तसं पुस्तकाकडे बघायची गरज उरत नाही, आणि मिसर देश, तांबडा समुद्र येईपर्यंत मागच्या बाकावरची मोठी माणसं शाळेतल्या पाढ्यांसारखी खणखणीत म्हणू लागतात. ज्यानं कोणी हे स्तोत्र रचलं, त्याला मंडळी नेमकी ठाऊक होती.

नारायण वामन टिळकांनाही ती ठाऊक होती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी कीर्तन-भजनाच्या मातीतला. 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकात इंग्रजीवरून आलेली गायनंही पुष्कळ आहेत, चांगली आहेत. पण चौथ्या कडव्यापर्यंत गायक मंडळ आणि दोन-चार हौशी एवढेच उरतात. टिळकांचं भजन लागलं, तबल्यावर थाप पडली, की ध्रुवपद परत परत येतं आणि गप्प बसणंच अवघड होतं. पुस्तक घरी विसरलेलेही गातात. एरवी उपदेश ऐकताना डोळे मिटून 'मनन' करणारे आमचे एक काका तेवढ्यापुरते टाळ मागून घेतात.

कॅथलिकांकडे तर हा विषय अख्ख्या धर्मपरिषदेपुढे आला. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेत भाविकांचा जाणीवपूर्वक, सक्रिय सहभाग हवा असं ठरवलं आणि लोकभाषेला वाट मोकळी केली. त्याआधी मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, लॅटिनमधून चाले. वसईची मंडळी आज मराठीत उत्तरं देतात ती त्यानंतरची.

हल्ली आमच्या पाळकसाहेबांनी आवाहनं कमी करून कामं वाटायला सुरुवात केली आहे. शास्त्रपाठ कॉलेजच्या पोरांकडे, मध्यस्थीची प्रार्थना महिला मंडळाकडे. परवा एका आजींची पाळी होती. त्यांनी राष्ट्रपतींपासून सुरुवात केली, मग पाऊस, शेतकरी, दवाखान्यात असलेले सगळे नावानिशी, दहावीची मुलं, लग्नाळू मुली, आणि शेवटी पाळकसाहेबांचा गुडघा. घड्याळ पुढे सरकत होतं, उपदेश अजून व्हायचा होता. आमेन मात्र असं दणकून झालं, की पाळकसाहेबांनी हातातले टिपणांचे दोन कागद मुकाट्यानं बायबलखाली सरकवले.