लाल टोपीची सुई

२६ जुलै २००५ च्या पुरात दुकानातल्या फळीपर्यंत पाणी आलं होतं. त्या अंदाजाने २१ जुलै २०२१ च्या रात्री वह्यांचे गठ्ठे मी त्या फळीच्याही वर, अगदी माळ्याशी नेऊन ठेवले आणि घरी येऊन झोपलो. पहाटे पाच वाजता बायकोने हलवून उठवलं. "अहो, न्हाणीघरातून पाणी वर येतंय."

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आणि जवळच तळमजल्यावर घर. वय तेव्हा ५८. शुगर चौदा वर्षांपासून, त्यातली शेवटची चार वर्षं इन्सुलिनवर. सकाळी १८ युनिट, रात्री १२. हा माझ्या डॉक्टरांनी माझ्यापुरता ठरवलेला डोस. हाताशी असलेली बाटली औषधांच्या डब्यात, दोन सीलबंद बाटल्या फ्रिजच्या दारात. बायकोने कागदपत्रांबरोबर तो डबा उशीच्या अभ्र्यात कोंबला आणि आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो. फ्रिजकडे जायची आठवण दोघांनाही झाली नाही. तासाभरात फ्रिज आडवा होऊन तरंगत होता.

साडेसातला सवयीने मी १८ युनिट टोचून घेतले. वहिनींनी स्टोव्हवर पोहे टाकलेच होते. तेवढ्यात समोरच्या घरातल्या आजी अडकल्याची हाक आली. दोर, ट्यूब, आरडाओरडा यांत दीड तास गेला. आजी सुखरूप आल्या. मी जिन्यात बसलो तो मला उठता येईना. पावसात भिजलेला होतो, त्यामुळे घाम सुटलाय हे कुणाला कळलंच नाही. हात थरथरायला लागले आणि समोरचा माणूस काय बोलतोय ते कळेना, तेव्हा बायकोने ओळखलं. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली. शुगर मोजायच्या मशीनवर ५८ आलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर, मग पोहे. माझं हे मिक्स इन्सुलिन, टोचल्यावर अर्ध्या तासात कामाला लागतं आणि पोटात काही नसेल तर रक्तातली साखर खाली ओढत नेतं. हे मला चार वर्षं माहीत होतं. त्या दिवसापासून आम्ही नियम केला की ताट समोर आल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही.

दोन दिवसांपूर्वीच आषाढी एकादशी झालेली, पौर्णिमा जवळ आलेली, म्हणजे खाडीला उधाणाची भरती. त्यात वरून कोसळणारा पाऊस, वाशिष्ठी आणि शिव दोन्ही नद्यांचं पाणी. कोळकेवाडी धरणातून सोडलेल्या पाण्यावर गावात आजही वाद होतात, त्यात मी शिरत नाही. शुक्रवारी पाणी ओसरलं आणि गुडघाभर गाळ मागे राहिला. वीज नाही, फोन नाही, बहादूरशेख नाक्याजवळचा वाशिष्ठीचा जुना पूल खचलेला. आणि बाजारातलं एकूण एक मेडिकल पाण्याखाली जाऊन आलेलं. गोळ्यांची पाकिटं चिखलात पडलेली मी स्वतः पाहिली.

त्या रात्री मेणबत्तीपाशी हिशेब मांडला. बाटलीत अर्धं औषध, म्हणजे साधारण २०० युनिट. रोजचे ३०, म्हणजे सहा-सात दिवस. सिरिंजा दोन. मशीनच्या पट्ट्या अकरा. फ्रिजमधल्या दोन बाटल्या गाळातून सापडल्या, सील शाबूत दिसत होतं. बायको धुऊन पुसून ठेवायला निघाली होती. मी नको म्हटलं. गटाराच्या पाण्यात रात्रभर बुडालेली वस्तू सुईने अंगात घ्यायची नव्हती. पैशाला तेव्हा फार किंमत होती, तरी टाकल्या.

हाताशी असलेली बाटली फ्रिजशिवाय टिकेल का, ही धास्ती मात्र उगाच होती. चालू बाटली सावलीत, फार उकाडा नसेल तर चारेक आठवडे चालते, आणि जुलैत कोकणातली हवा तशी थंडच. वहिनींच्या माठाला ओलं फडकं गुंडाळून त्याच्या सावलीत ती प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवली. एका भल्या माणसाने मासळीबाजारातला बर्फ आणून दिला होता. तो मी माशांनाच राहू दिला, कारण इन्सुलिन एकदा गोठलं की वाया जातं, वितळल्यावर दिसायला नीट असलं तरी.

तिसऱ्या दिवसापासून मदतीचे ट्रक आले. साताऱ्याहून, पुण्याहून, कोल्हापूरहून. २०१९ च्या पुरात आपण सोसलंय म्हणून आलो, असं कोल्हापूरची पोरं सांगत होती. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ताटात मात्र जे येत होतं ते बिस्किटं, वडापाव, भात, गोड चहा. इथे मला लिहायला जड जातं असं एक सांगतो. तीस वर्षं दुकानात मी देणारा होतो. शाळेच्या सुरुवातीला कुणाच्या पोराला वह्या कमी पडल्या तर दिल्या. आता रांगेत हात पुढे करताना "मला शुगर आहे, बिस्किटाऐवजी दुसरं काही आहे का?" हे तोंडातून निघेना. लोकांच्या अंगावर कपडे नाहीत आणि मी आवडनिवड सांगतोय असं वाटायचं. म्हणून मिळेल ते खात राहिलो.

त्यात रविवारी माझी एक सिरिंज गाळात पडली आणि दुसरीची सुई बोथट झाली. एका मदत केंद्रावर मागितल्या. तिथल्या मुलाने लगेच पाच दिल्या. पॅकबंद, नवीन. इतका आनंद झाला की मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. सकाळी १८ च्या रेघेपर्यंत, रात्री १२ च्या रेघेपर्यंत. डोस चुकवला नाही, तरी सोमवारी शुगर २८७, मंगळवारी ३४२. तोंड कोरडं, रात्री चार-चार वेळा लघवीला उठणं, गाळ उपसताना दोन घमेल्यांत दम. भात आणि बिस्किटांना दोष देऊन मी रात्रीचं जेवण अर्धं केलं. बाटलीच खराब झाली असेल अशीही शंका आली. हातात फिरवून पाहिली, गुठळ्या नाहीत, काचेला काही चिकटलेलं नाही. मग कळेना.

बुधवारी वाडीत आरोग्य तपासणीला पथक आलं. सिस्टरांनी शुगर पाहिली, ३५६. "काका, इन्सुलिन बंद केलंय का?" मी चिडून म्हणालो, एक दिवस चुकवलं नाही. "कसं घेता, दाखवा." मी पिशवीतून बाटली आणि सिरिंज काढली. त्यांनी सिरिंज उचलली आणि टोपीकडे बोट केलं. टोपी नारिंगी होती.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं मिळतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्याची सिरिंज वेगळी, लाल टोपीची. नारिंगी टोपीची सिरिंज १०० च्या इन्सुलिनसाठी. तिच्या रेघा जवळजवळ असतात. त्या सिरिंजेत १८ ची रेघ गाठली की ४० च्या बाटलीतून अंगात जातात जेमतेम सात युनिट. रात्रीच्या बाराचे पाचच्याही खाली. तीन दिवस मी अर्ध्याहून कमी औषध घेत होतो आणि दोष भाताला देत होतो.

सिस्टरांनी पुढे जे सांगितलं त्याने माझ्या पोटात गोळा आला. "उलटं झालं असतं तर? १०० चं औषध आणि लाल टोपीची सिरिंज असती, तर अठराचे पंचेचाळीस गेले असते." म्हणजे ५८ नाही, त्याच्याही खूप खाली. आणि घरात मेणबत्तीचा उजेड, सगळे थकून झोपलेले. त्या मुलाचा यात काही दोष नव्हता. सिरिंज म्हणजे सिरिंज, असंच कुणालाही वाटेल. मी मात्र चार वर्षं रोज दोनदा लाल टोपी काढून ठेवत होतो आणि तो रंग माझ्या लक्षातच आला नव्हता.

त्यांच्याकडे लाल टोपीच्या चार होत्या, त्या सगळ्या मला दिल्या. आणि मग त्या म्हणाल्या, "आता पाय दाखवा."

गमबूट काढले. मोजा काढताना बायको थांबली. उजव्या अंगठ्याखाली मोज्याला तपकिरी डाग होता. तळव्यात नखाएवढी काच रुतलेली, भोवती कातडी पांढरी, सुजलेली. मला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. शुगरने पायाची संवेदना कमी होते हे डॉक्टर दरवेळी सांगतात, टोचणी लावून तपासतात, आणि आपण मान डोलावतो. काच काढली, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. लेप्टो, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणारा ताप, तो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या आशाताईंनी आधीच वाटल्या होत्या. त्या घेतल्या होत्या का, हे सिस्टरांनी दोनदा विचारलं. घेतल्या होत्या. आठ दिवस गाळात पाय घालायचा नाही, असं बजावून त्या गेल्या.

दुकान उपसायचं असताना मी आठ दिवस खुर्चीवर बसलो. पुतण्याने आणि त्याच्या मित्रांनी भिजलेल्या वह्यांचे लगदे घमेल्यांनी बाहेर काढले, नव्या वर्षासाठी भरलेला सगळा माल. ते बघत बसणं पुरापेक्षा कठीण गेलं. पण सिस्टर येऊन गेल्या त्याच दिवशी संध्याकाळी जेवणाचा टेम्पो आला तेव्हा मी खुर्चीवरूनच मोठ्याने म्हणालो, "मला शुगर आहे. भाकरी, उसळ, काही असेल तर बघा." टेम्पोतल्या मुलाने डब्यातून स्वतःसाठी आणलेल्या दोन भाकऱ्या काढून दिल्या. मागून आणखी तिघे पुढे आले. त्यांनाही शुगर होती. शेजारच्या गल्लीतल्या एक काकू चार दिवस गोळ्यांशिवाय होत्या. त्यांच्या गोळीचं नाव त्यांना आठवत नव्हतं, फक्त "छोटी पांढरी" एवढंच सांगता येत होतं. पुतण्याने दुसऱ्या दिवशी त्यांना मोटरसायकलवरून डॉक्टरांकडे नेलं.

शुगर दोनशेच्या आत यायला आठवडा लागला. जखम भरायला गणपतीपर्यंतचा काळ गेला. रोज रात्री बायको टॉर्च घेऊन दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या पाहायची, मग मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवायची. ते अजून चालू आहे, फोटो सोडून.

आता मे संपला की वरच्या मजल्यावर वहिनींच्या खुंटीवर एक जाड प्लॅस्टिकची पिशवी लागते. आत मशीन, घट्ट झाकणाच्या डबीत पट्ट्या, साखरेच्या पुड्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, कोरडे मोजे, दहा सिरिंजा. इन्सुलिन फ्रिजमध्येच, पण फ्रिजच्या दाराला दोरीने बांधलेली दुसरी छोटी पिशवी, पाणी वाढतंय असं कळलं की बाटल्या तिच्यात टाकून वर न्यायच्या. मोठ्या पिशवीवर बायकोने स्केचपेनने लिहिलंय: बाटली ४० ची, टोपी लाल. दर जूनमध्ये ती अक्षरं पुन्हा गिरवते.