वॉटर्स गेल्यावरचा पिंक फ्लॉइड

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सांगलीत आमचा घोळका पिंक फ्लॉइड हा इंग्लिश रॉक बँड ऐकायला बसला, की नवा माणूस हमखास विचारतो, "रॉजर वॉटर्स बाहेर पडल्यावर उरला तो पिंक फ्लॉइड होता का? आणि एवढ्यावरून अजून भांडता?"

होता, असं माझं ठाम मत आहे. गाणी लिहिणाऱ्या वॉटर्सने १९८५ मध्ये बँड सोडला, नावाचं भांडण वकिलांपर्यंत गेलं, आणि गिटारवादक डेव्हिड गिल्मर व ड्रमवादक निक मेसनने १९८७ मध्ये त्याच नावाने अल्बम काढला. विश्रामबागेतला माझा मित्र तो अल्बम हिशेबातच धरत नाही. लिहिणारा गेला की बँड संपला, असं त्याचं म्हणणं. तो १९८३ चा 'द फायनल कट' डोक्यावर घेतो. वॉटर्सचे वडील १९४४ मध्ये इटलीत आन्झिओला लढताना गेले. ते दुःख त्या अल्बमभर आहे आणि ते मलाही भिडतं. पण त्यात बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट नाही, आणि ती उणीव मला प्रत्येक गाण्यात ऐकू येते. १९७१ चं 'एकोज' हे गाणं लावून बघा. लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून आलेला राइटच्या पियानोचा एक स्वर, आणि मग तेवीसेक मिनिटं. शब्द त्यात थोडेच आहेत. मला पिंक फ्लॉइड म्हणजे तो नाद वाटतो, आणि तो १९९४ च्या 'द डिव्हिजन बेल'मध्ये परत सापडतो, कारण तिथे राइट पुन्हा पूर्ण सभासद आहे, गाणी रचतो आहे.

आमच्या भागात याचं नवल वाटायला नको. बालगंधर्व १९१३ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले, दीनानाथ मंगेशकर १९१८ मध्ये. दोघांनी आपापल्या कंपन्या काढल्या. दीनानाथ तर सांगलीतच राहत होते. बालगंधर्वांचा गोडवा की दीनानाथांची आक्रमक तान, यावर आपल्या आजोबा-पणजोबांनी रात्री जागवल्या आहेत.

मला राग येतो तो 'खरा फॅन' या शिक्क्याचा. आमच्यात नवीन आलेल्या एका पोराला 'द डिव्हिजन बेल' आधी आवडला. "तुला काय कळतंय फ्लॉइड," असं त्याला कुणीतरी तोंडावर म्हणालं. पोरगं त्या संध्याकाळी पुन्हा बोललं नाही. आवडीला ज्येष्ठता कशी लागू होते, हे मला कधीच पटणार नाही.

म्हणून मी एकच धरून बसतो: नावडलं ना, मग गाणं लाव आणि नेमकं कुठे नावडलं ते दाखव. मित्र दाखवतो. १९८७ च्या अल्बममध्ये ड्रम मशीन आहे, बाहेरचे वादक आहेत, आणि राइटसुद्धा तेव्हा बँडचा सभासद नाही, नुसता वादक म्हणून आलेला. या शेवटच्या मुद्द्यावर माझी बाजू लंगडी पडते. तरीही त्यातला गिल्मरचा गिटार ऐकला, की त्या अल्बमवर दुसरं कुठलं नाव मला सुचत नाही.