बेल वाजली, उठायचं कुणी?

लिनक्सच्या काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, प्रोग्राम सुसाट सुटला की बोटं आपसूक कंट्रोल-सीवर जातात. पडद्यावर टोपी घातलेला एक सी (^C) उमटतो आणि सगळं गप्प.

गंमत म्हणजे हा सी प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही. एरवीची अक्षरं टर्मिनलचा ड्रायव्हर (कीबोर्ड आणि प्रोग्राम यांच्यामधला मध्यस्थ) ओळभर साठवतो आणि एंटर दाबलं की सोपवतो. मधे आपण काय काय खोडलं, याचा प्रोग्रामला पत्ताही नसतो. कंट्रोल-सी म्हणजे आस्कीतला, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यातला, 3 क्रमांक. तो दिसला की ड्रायव्हर तो परस्पर गिळतो आणि समोर चालू असलेल्या प्रोसेसला सिगइंट हा 2 नंबरचा सिग्नल, म्हणजे थांबायचा इशारा, धाडतो. ही मध्यस्थी बंदही करता येते. नॅनो एडिटरमध्ये कंट्रोल-सी दाबून बघा: तो बंद पडत नाही, कर्सर कुठल्या ओळीवर आहे ते शांतपणे सांगतो.

थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये शेजारी शेजारी चालणारे कामाचे धागे, वाढले की खरी पंचाईत. एक कीबोर्ड वाचतोय, दुसरा हिशेब करतोय, तिसरा फाइल लिहितोय. सिग्नल मात्र अख्ख्या प्रोसेसच्या नावाने येतो. एकत्र कुटुंबात बेल वाजावी तसं. दार कुणी उघडायचं ते ठरलेलं नसेल तर जो सापडेल तो, मग त्याचे हात कणकेत का असेनात! समजा तो थ्रेड नेमका मॅलॉकमध्ये, म्हणजे मेमरी मागणाऱ्या फंक्शनमध्ये, आहे, मेमरीचं कुलूप त्याच्याच ताब्यात. सिग्नल आला की त्याचं काम थांबवून त्याच थ्रेडमध्ये चालणाऱ्या कोडने, म्हणजे सिग्नल हँडलरनेही, मॅलॉक बोलावलं, तर बिचारा स्वतःच लावलेलं कुलूप उघडायची वाट बघत बसतो. कायमचा. आणि असला बग चाचणीत सहसा सापडत नाही, हा त्याचा खास दुष्टपणा.

म्हणून मला जुनी, साधी रीत आवडते. थ्रेड जन्माला घालण्याआधीच सिगइंट अडवून ठेवायचा. तो मनाईहुकूम पुढच्या सगळ्यांना वारशात मिळतो. मग एकाच थ्रेडला सिगवेटवर, म्हणजे सिग्नलची वाट बघत, बसवायचं. त्याला दुसरं काम नाही. हँडलरची भानगडच नसल्याने तो बिनधास्त छापू शकतो, मेमरी मागू शकतो.

उरतो कीबोर्ड वाचणारा. तो रीडमध्ये, म्हणजे काही टाइप होण्याची वाट बघत, अडकून पडलेला, त्याला निरोप कसा जाणार? त्याच्यासाठी एक पाइप (थ्रेडमधून थ्रेडमध्ये बाइट पाठवायची नळी) ठेवायचा, आणि कीबोर्ड व पाइप दोन्हींकडे पोल या कॉलने एकदमच लक्ष ठेवायला लावायचं. सिगवेटवाल्याकडून पाइपातून एक बाइट आला की आवरतं घ्यायचं. फक्त सिगवेटवाला थ्रेडच कुठे लटकला, तर कंट्रोल-सी कितीही बडवा, टोप्या उमटत राहतात, मग प्रोग्राम सक्तीने बंद करणारा कंट्रोल-बॅकस्लॅश.