फियाटचे जुने पार्ट परदेशी पाठवताना

पुण्यात नाना पेठेत आमचं मोटार स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, ते थाटलं तेव्हा रस्त्यावर फियाट, अँबॅसिडर आणि जीप सोडून फारसं काही दिसत नसे. पुढे मारुती आली, तिच्यामागून बाकीच्या आल्या, दुकानातला मालही बदलत गेला. पण माळ्यावरचा फियाटचा साठा अप्पांनी भंगारात घालू दिला नाही. मुंबईत काळीपिवळी पद्मिनी धावत होती तोवर त्यातलं थोडंफार उठायचं. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली आणि ते गिऱ्हाईकही गेलं.

तोवर मी माळा आवरायला घेतला होता. ग्रीस लावून कागदात गुंडाळलेले पिस्टन, डब्यातून कधीच बाहेर न आलेल्या डिस्ट्रिब्युटर कॅप, टेललॅम्पच्या काचा, हेडलॅम्पच्या रिंगा, किंगपिनचे सेट. सगळा कोरा माल. पुण्यात त्याला फार तर जुन्या गाड्यांचे हौशी विचारत. पण या गाडीचा इतिहास पाहिला की खरं गिऱ्हाईक कुठे असणार ते कळतं. नव्या रूपातली फियाट ११००, म्हणजे ११००-१०३, इटलीत १९५३ साली आली आणि तिची मालिका १९६९ मध्ये बंद झाली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तिचाच अवतार आधी डुक्कर फियाट, मग सुपर सिलेक्ट, मग डिलाइट, मग पद्मिनी अशा नावांनी जवळजवळ शतक संपेपर्यंत बनत राहिला. तिकडे पार्ट मिळेनासे झाले तेव्हा इकडे ते नव्याने बनत होते. ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड आणि आपल्या अँबॅसिडरचंही तेच, अमेरिकेची विलीज जीप आणि महिंद्राच्या सीजे-३बी जीपचंही तेच.

सुरुवातीलाच एक गोष्ट तपासून घेतली आणि जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांनी ती आवर्जून पाहावी. आपल्या निर्यात धोरणात १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या मोटारी आणि त्यांचे सुटे भाग खुले नाहीत, त्यांना परवाना लागतो. मोटरसायकलींसाठी तीच तारीख १ जानेवारी १९४० आहे. आमच्या माळ्यावर डॉज-प्लिमथच्या काही वस्तू निघाल्या. प्रीमियरने या गाड्या १९४७ पासून जुळवायला घेतल्या होत्या, त्यामुळे कुठली वस्तू कधीची हे छातीठोकपणे सांगता येईना. त्या मी विक्रीला काढल्याच नाहीत. फियाटचा माल सगळा नंतरचा, त्यामुळे तिथे अडचण नव्हती.

कागदपत्रांची लोक उगीच धास्ती घेतात. आयात-निर्यात कोड ऑनलाइन मिळतो, पॅनवरच निघतो, फी ५०० रुपये. दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो पोर्टलवर अपडेट करायचा, काही बदललं नसलं तरी, नाहीतर तो बंद पडतो. जीएसटीत एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरलं की कर आधी न भरता निर्यात करता येते. तेही दर आर्थिक वर्षाला नव्याने. बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलनाच्या व्यवहारासाठीच्या बँकेच्या नंबराचं) पत्र घेऊन कस्टम्सकडे नोंदवायचं. आमच्या सीएनी हे सगळं बसल्या बसल्या लावून दिलं.

खरा कस लागला तो माल ओळखण्यात. अप्पांना डोळे मिटून पार्ट हातात दिला तरी तो कुठल्या गाडीचा हे सांगता येतं. पण इटलीत तुरीनमध्ये बसलेल्या माणसाला अप्पांचा हात दिसत नाही, त्याला माप लागतं. पिस्टनचंच बघा. आपल्या पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५. इटलीत १९६२ मध्ये आलेल्या ११०० डीला मात्र १२२१ सीसीचं इंजिन होतं, स्ट्रोक तोच पण बोअर ७२. गाड्या बाहेरून बहिणी-बहिणी, आणि आपला पिस्टन तिच्यात चालणार नाही. तो त्यांच्या जुन्या ११००-१०३ ला आणि शेवटच्या ११०० आरला चालण्याची शक्यता. ‘फियाट ११०० पिस्टन’ एवढंच लिहून टाकलं असतं तर निम्मी पार्सलं परत आली असती.

म्हणून मी पद्धतच ठरवली. दुपारी दुकानात गर्दी नसते तेव्हा काउंटरवर पांढरा कागद अंथरायचा, ग्रीस रॉकेलने पुसायचं, व्हर्नियर लावायचा आणि व्हर्नियरचा आकडा दिसेल असाच फोटो काढायचा. पिस्टनचा व्यास, त्याला दांड्याशी जोडणाऱ्या गजन पिनचा व्यास, पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची. माथ्यावर स्टँडर्डचा शिक्का आहे की ओव्हरसाइझचा, तोही जवळून. डब्याची सहाही अंगं, लेबलवरचा पार्ट नंबर, आणि गंजाचा ठिपका असेल तर त्या ठिपक्याचा वेगळा फोटो. अप्पा शेजारी बसून सांगायचे, “अगं, हा दांडा बघ, हा सुपर सिलेक्टचा, डिलाइटचा याहून बारीक असतो.” मी लिहून घ्यायची. तीच वही आज आमच्या धंद्याचं मूळ भांडवल आहे.

दुसरा मोठा फरक डाव्या-उजव्या हाताचा. आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची, युरोपातली डाव्या. स्टिअरिंग बॉक्स आणि वायपरची लिंक तिकडे जशीच्या तशी बसत नाही. हेडलॅम्पची काचही बसली तरी उपयोगाची नाही, कारण डिपरचा झोत आपल्याकडे डाव्या कडेला पडतो, तिकडे तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. हा माल मी फक्त ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसाठी खुला ठेवते. इलेक्ट्रिकच्या बाबतीत तर आणखी सांभाळावं लागतं. इटालियन गाडीत मारेल्ली कंपनीचं सामान, आपल्याकडे बरंचसं लुकास-टीव्हीएसचं, म्हणून डिस्ट्रिब्युटर कॅपच्या खाली मी ‘कोणत्या डिस्ट्रिब्युटरवर बसते’ ते आधी लिहिते, गाडीचं नाव नंतर.

ऑस्ट्रेलियाबद्दल सविस्तर सांगायला हवं. तिथे ३१ डिसेंबर २००३ पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, आणि ती जुन्या मोटारींच्या पार्टनाही लागू आहे. आपल्याकडच्या त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लच प्लेटच्या फेसिंगमध्ये, तांब्याच्या पत्र्यात दाबलेल्या हेड गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असायचं. तिथल्या सीमेवर असं पार्सल अडकलं तर तपासणीचा खर्च आणि दंड गिऱ्हाइकाच्या डोक्यावर बसतो. ब्रिटन आणि युरोपीय संघातही बंदी आहेच. आमच्याकडे लायनिंग मारलेले ब्रेक शू भरपूर होते, आणि सगळ्यात जास्त चौकशीही त्यांचीच येत होती. एका व्यापाऱ्याने सुचवलं, लायनिंग घासून काढा आणि नुसते शू विका. पण ती धूळ छातीत जाते आणि रोग वीस-तीस वर्षांनी उमटतो. दुकानातल्या पोरांना मी ते काम कसं सांगू? सगळे शू, प्लेटी, गॅस्केट जाड प्लॅस्टिकमध्ये बंद करून, चिठ्ठी लावून वेगळे ठेवले. त्यात अडकलेला पैसा मोठा आहे, पण त्या निर्णयाबद्दल माझ्या मनात कधी दुमत झालं नाही.

पाठवण्याचे दोन रस्ते आहेत. किलो-दोन किलोच्या आतलं सामान मी पोस्टाने पाठवते. डाकघर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर घरूनच निर्यात बिल भरता येतं, लेबल छापता येतं. पोस्टाचा दर कुरिअरच्या मानाने फार कमी पडतो आणि पाचशे-हजाराची वस्तू परवडते ती त्यामुळेच. जड किंवा महाग माल कुरिअरने. तिथे एका एजंटने मला सीएसबी-४ वर (सीएसबी म्हणजे कुरिअरने जाणाऱ्या मालाचं निर्यात बिल) माल काढायचा आग्रह केला, लवकर होतं म्हणून. सीएसबी-४ हे सॅम्पल आणि भेटवस्तूंसाठी असतं. विकलेला माल सीएसबी-५ वरच जायला हवा, तरच निर्यातीचा पुरावा हातात राहतो, बँकेत आलेला पैसा त्याच्याशी जुळतो आणि पुढे जीएसटीत कोणी विचारलं तर दाखवायला कागद असतो. मी एजंट बदलला.

गिऱ्हाईकही कधीकधी गळ घालतं, “गिफ्ट लिहा, किंमत कमी दाखवा.” मी नाही म्हणते, आणि त्यांच्या देशात त्यांना काय भरावं लागेल ते आधीच सांगते. युरोपीय संघात जुलै २०२१ पासून अगदी लहान पार्सललाही व्हॅट लागतो. दीडशे युरोपर्यंतच्या मालावर तो विक्रीची वेबसाइटच कापून घेते, तिचा व्हॅट नोंदणीचा नंबर पार्सलच्या डेटात नीट गेला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा भरावा लागतो. अमेरिकेत आठशे डॉलरपर्यंत सूट होती, ती २९ ऑगस्ट २०२५ पासून गेली. त्याच सुमाराला आपल्या पोस्टाने तिकडचं बुकिंग थांबवलं. सीजे-३बीचे पार्ट घेणारी आमची जवळजवळ सगळी मंडळी अमेरिकेतली. पैसे दिलेल्या ऑर्डरी पडून होत्या. एकेकाला पत्र लिहून विचारलं, थांबता की पैसे परत करू? बहुतेक थांबले. ऑक्टोबरच्या मध्याला पोस्ट पुन्हा सुरू झालं, आता जकात इथेच आधी भरून पार्सल जातं.

कस्टम्सच्या फॉर्मवर ‘ऑटो पार्ट्स’ एवढंच लिहू नये. कस्टम्सच्या वर्गवारीत इंजिनचे भाग ८४०९ क्रमांकामध्ये जातात, दिवे ८५१२ मध्ये, स्पीडोमीटर ९०२९ मध्ये, आरसा ७००९ मध्ये, आणि ८७०८ मध्ये बॉडी, ब्रेक, स्टिअरिंग वगैरे. मी वस्तूचं नाव, धातू, कशाला लागते आणि नवीन की वापरलेली हे एका ओळीत लिहिते. तेव्हापासून ‘खुलासा पाठवा’ असे मेल जवळजवळ थांबले. वापरलेला कार्ब्युरेटर किंवा पेट्रोल पंप असेल तर तो पूर्ण रिकामा करून, धुऊन, चांगला वाळवून मगच बांधायचा. पेट्रोलचा वास आला तर विमानात चढवत नाहीत.

पॅकिंगमध्ये पैसा जातो तो वजनाने नाही, आकाराने. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. समोरच्या जाळीचा खोका १०० बाय ३० बाय १५ झाला, म्हणजे नऊ किलो. जाळीचं खरं वजन दोन किलोच्या आसपास. खोक्याची उंची दोन सेंटिमीटरने कमी केली तरी एक किलो दोनशे ग्रॅम वाचतात. म्हणून जाळीचे खोके मी मापाने करून घेते. बंपरला लाकडी फळ्या लावायच्या तर त्या उष्णतेची प्रक्रिया केलेल्या आणि तसा शिक्का मारलेल्याच लागतात. प्लायवूडला ती अट नाही, म्हणून प्लायच वापरते.

सध्या सगळ्यात जास्त मागणी आहे ती दरवाज्याच्या रबर बीडिंगला, आणि नेमकं रबरच साठ्यात टिकत नाही. माळ्यावरचं बहुतेक हातात घेतलं की तुटतं. म्हणून त्यातलाच एक बरा तुकडा नमुना म्हणून देऊन भोसरीतल्या एका रबरवाल्याकडून डाय, म्हणजे साचा, करून घेते आहे. त्यावर फियाटचं नाव किंवा चिन्ह असणार नाही, आणि नव्याने बनवलेलं आहे हे पहिल्याच ओळीत लिहिलेलं असेल. चाचणीचा तुकडा तुरीनजवळच्या आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने आपल्या १९५७ च्या गाडीला लावून पाहिला आणि दार बंद केल्याचे फोटो पाठवले. वरच्या बाजूला चपखल बसतो आहे. खालच्या कोपऱ्यात बीडिंगचा ओठ दीड मिलिमीटरने जास्त जाड आहे, तिथे दार दाबावं लागतं. डाय परत घासायला दिली आहे.