कूलरचा भूगोल

कूलरच्या ताट्या बदलून देणारा माणूस परवा दुपारी येऊन गेला आणि ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला. नागपूरकराला त्या वासाचे महत्त्व सांगावे लागत नाही आणि इतरांना सांगूनही ते पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

माझ्या मामाची बदली डोंबिवलीला झाली, तेव्हा त्याने मोठ्या हौसेने इथला लोखंडी कूलर ट्रकवर चढवून नेला होता. मे महिन्यात आम्ही मुले तिकडे गेलो, तेव्हा कूलर खिडकीत दिमाखाने घोंघावत होता. मात्र खोलीतल्या गाद्या दमट झाल्या होत्या, डब्यातले पापड मऊ पडले होते आणि मामा उघड्या अंगाने, घाम पुसत, मोटार बिघडली असावी म्हणून ती पुन्हा पुन्हा उघडून बघत होता. मोटार ठणठणीत होती. बिघाड असलाच तर तो अरबी समुद्राचा होता, कारण जी हवा आधीच बाष्पाने भरलेली आहे ती ताटीतले पाणी शोषून घेणार तरी किती, आणि पाणी उडालेच नाही तर गारवा येणार कोठून?

नागपूरला दोन्ही समुद्र पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहेत. उन्हाळ्यात येथे पोहोचणारा वारा वायव्येकडची तापलेली जमीन तुडवत येतो, त्यामुळे तो इतका कोरडा असतो की दोरीवरची चादर अर्ध्या तासात कडक होते. उन्हाला आवर घालणारे खारे वारे नाहीत, उंचीही समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरच्या आसपास. २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २०१८च्या डिसेंबरात ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. जमीन तापते लवकर आणि निवतेही लवकर, म्हणूनच लहानपणी गच्चीवर पाणी शिंपडून घातलेल्या अंथरुणावर आम्ही रात्री उघडे झोपत असू आणि पहाटे एकाच चादरीसाठी भांडत असू.

मात्र समुद्र दूर म्हणून पाऊस कमी, हा हिशेब येथे लागू पडत नाही. पुणे अरबी समुद्राला कितीतरी जवळ असूनही सह्याद्रीच्या आडोशाला सापडले आहे. ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि शहराच्या वाट्याला वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो. आमच्याकडे बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकत येतात, त्यांच्या वाटेत असा उभा डोंगर नाही, आणि पाऊस १००० मिलिमीटरच्या पुढे जातो. पुण्याच्या पाहुण्यांना हे सांगताना मला होणारा आनंद फारसा सभ्य नसावा.

जूनच्या मध्यावर पाऊस आला की आमचा कूलरही डोंबिवलीकर होतो. मग नुसता पंखा चालवावा की मोटारही, यावर घरात दोन तट पडतात आणि दोन्ही तट घामाघूम होतात. वरच्या मजल्यावरच्यांनी यंदा एसी बसवला आहे. त्याला समुद्र जवळ असो की दूर, काहीच फरक पडत नाही. फक्त त्याचे बाहेरचे यंत्र नेमके आमच्या कूलरच्या खिडकीवर गरम हवा सोडते. त्यांच्याशी एकदा बोलायला हवे.