मराठी चाललं म्हणून निर्धास्त होतो

न्यूयॉर्कमधल्या गिनीच्या काही फुलानी (पश्चिम आफ्रिकेतला एक समाज) मंडळींसाठी आम्ही पुण्यात बसून शब्दसंग्रहाचं छोटंसं ॲप करत होतो. लिपी आदलाम, म्हणजे त्यांच्या फुलानी भाषेची. चाचणीला मी नेहमीप्रमाणे मराठी मजकूर टाकला. जोडाक्षरांसकट नीट साठला, नीट दिसला. मराठी चाललं की सगळं चालतं, हा माझा कित्येक वर्षांचा हिशेब. पहिल्याच दिवशी तिकडून निरोप आला: शब्द सेव्ह होतो, पण पान उघडलं की जागा कोरी.

एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. दोन दिवस फॉर्मच्याच मागे लागलो होतो.

शेवटी युनिकोडचा, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेचा, तक्ता उघडला. आपला 'म' ०९२ई वर (हे क्रमांक सोळाच्या पद्धतीतले, म्हणून मध्ये अक्षरं), यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ते साठवण्याच्या पद्धतीत, त्याला ३ बाइट. आदलामचं पहिलं अक्षर १ई९०० वर, म्हणजे पहिल्या ६५,५३६ जागांच्या पलीकडे. त्याला ४ बाइट लागतात: एफ०, ९ई, ए४, ८०. आमच्या जुन्या डेटाबेसमधलं 'यूटीएफ-८' नावापुरतंच, ते ३ बाइटांवर थांबायचं. ४ बाइटांचं अक्षर आलं की तिथून पुढचं सगळं गुपचूप कापायचं, आणि इथे तर पहिलंच अक्षर तसं! इमोजीही ४ बाइटांचे, त्यांनी हे आधीच उघडं पाडलं असतं, पण शब्दसंग्रहात इमोजी कोण टाकतो?

टेबल ४ बाइटवाल्या अक्षरसेटवर न्यायला घेतलं, तर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) अडला. मर्यादा ७६७ बाइटांची. कॉलमची २५५ अक्षरं गुणिले ३ म्हणजे ७६५, इतके दिवस कसंबसं बसत होतं. गुणिले ४ केल्यावर १,०२०. कॉलम १९१ अक्षरांवर आणला. मग थेट डेटाबेसमध्ये 'आदलाम' हा शब्द त्याच लिपीत टाकून पाहिला, तर ॲपमध्ये पाच प्रश्नचिन्हं. ॲप आणि डेटाबेसमधल्या कनेक्शनचा अक्षरसेट जुनाच राहिला होता. तो बदलल्यावर पाच अक्षरं उमटली, आणि ब्राउझरच्या मोजणीत ती दहा भरली! तिथे यातल्या प्रत्येक अक्षराचे दोन तुकडे धरले जातात. म्हणजे ३० अक्षरांची आमची मर्यादा पंधरातच संपत होती.

त्यांची जुनी यादी आली ती वेगळीच गंमत. फाइल अरबी अक्षरांत, पण अरबी वाचणाऱ्यालाही अर्थ लागेना. इब्राहिमा आणि अब्दुलाये बॅरी या भावांनी १९८९ मध्ये गिनीतल्या एन्झेरेकोरे गावी, १४ आणि १० वर्षांचे असताना, ही लिपी रचली. युनिकोडमध्ये ती आली २०१६ साली. मधल्या काळातले फॉन्ट अरबीच्या कोडवर आदलामचे आकार चढवायचे. हे दुखणं ओळखीचं निघालं. आपल्या डीटीपीवाल्यांची जुनी फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली की असाच इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. कन्व्हर्टर लिहायला एक संध्याकाळ पुरली.

सगळं मार्गी लागल्यावर मला धडा १२ च्या जागी २१ दिसला. लिपी उजवीकडून डावीकडे जाते हे ठाऊक होतं, पण अरबीतसुद्धा आकडे डावीकडूनच वाचतात, म्हणून मी लगेच बग नोंदवला. तिकडून उत्तर आलं, बरोबर आहे, आमचे आकडेही उजवीकडूनच वाचायचे. माझा बग मीच बंद केला.