मृणालताईंच्या कामाची पद्धत

मृणाल गोरे यांचं नाव निघालं की 'पाणीवाली बाई' आणि लाटणे मोर्चा, एवढ्यावर बोलणं संपतं. पक्षात काम करणाऱ्या बायकांनी त्यांची कारकीर्द जरा जवळून पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टरकीचं शिक्षण सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. १९५८ साली पती केशव गोरे गेले. मुलगी लहान होती. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. गोरेगावच्या वस्त्यांना पाणी हवं होतं. अशा मागणीला प्रशासनाचं उत्तर ठरलेलं असतं: झोपड्या अनधिकृत, नळ दिला तर त्या कायम होतील. नुसत्या हंडा मोर्चाने बातमी होते, नळ येत नाही. मोर्चानंतर सभागृहात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा लावून धरणारं कुणीतरी लागतं, आणि नगरसेवकपद हाती असल्याचा खरा फायदा तिथेच होतो.

१९७२ साली दुष्काळ, त्यात रेशनवर माल नाही. मृणालताई, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते या वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या. अशा समित्या हमखास फुटतात त्या झेंडा आणि व्यासपीठ यांवरून. इथे मागण्या रॉकेल, तेल, साखर अशा रोजच्या स्वयंपाकातल्या होत्या आणि हत्यार होतं लाटणं. जिला मोर्चाला येणं जमत नव्हतं, ती घरातूनच थाळी वाजवायची. पक्षाचं सदस्यत्व नसलेल्या बाईलाही त्यात जागा होती, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आणीबाणीत त्या भूमिगत राहिल्या, मग तुरुंगात गेल्या. १९७७ साली उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या. पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेत्याही झाल्या.

गर्भलिंगनिदानाचा लढा मात्र तपशिलात समजून घ्यावा. गर्भजल तपासणी आली ती आनुवंशिक दोष शोधण्यासाठी, पण ती मुलींचे गर्भ पाडण्यासाठी वापरली जाऊ लागली. मुंबईतल्या महिला संघटनांनी आवाज उठवला आणि मृणालताईंनी विधानसभेत अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारने नव्हे तर आमदाराने स्वतःहून आणलेलं विधेयक, मांडलं. अशी विधेयकं मंजूर होणं दुर्मीळ. पण विषय कामकाजात आला की सरकारला उत्तर द्यावंच लागतं, आणि कधी कधी नाइलाजाने का होईना, स्वतःचं विधेयक आणावं लागतं. १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला, देशात पहिला. राज्याच्या कायद्यातली अडचण उघड होती: सीमा ओलांडली की तपासणी मोकळी. म्हणून केंद्रीय कायद्याची मागणी पुढे रेटावी लागली. तो १९९४ साली झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. आज त्या कायद्याखाली कुणीही नागरिक समुचित प्राधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, पंधरा दिवसांची नोटीस देऊन थेट न्यायालयात तक्रार नेऊ शकतो. नोटिशीची पोच तेवढी जपून ठेवावी.